कोकणातल्या घरी प्रवाळांच्या टाकीसाठी शुद्ध पाणी कसे मिळवावे

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी मी प्रवाळ पाळण्यासाठी दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तेव्हा गोड्या पाण्याची काळजी करावी असे मला मुळीच वाटले नव्हते. दाराशी चिऱ्याने बांधलेली विहीर आहे, तिचे पाणी काचेसारखे दिसते, आणि टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) दाखवणारा मीटर बुडवला तर त्यावर ६२ हा आकडा येतो. घाटावरचे मित्र आपल्या बोअरच्या पाण्याचे सहाशे-सातशेचे आकडे सांगून रडत असत आणि मी मनातल्या मनात स्वतःला भाग्यवान समजत असे. पुढच्या सहा महिन्यांत टाकीच्या काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढला, पाण्यातले उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे महागडे रेझिन दोन महिने पुरले नाही, आणि एका पितळी बॉलकॉकपायी दोन कोळंब्या गेल्या. कोकणातले पाणी मऊ असते, पण मऊ पाणी आणि शुद्ध पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मला उशिरा कळला, म्हणून नव्याने टाकी मांडणाऱ्यांसाठी सगळी रीत क्रमाने लिहीत आहे.

आधी कारण समजून घ्यावे. टाकीतून वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले सगळे मागे राहते. माझ्या टाकीतून पंखा लावल्यावर रोज सुमारे तीन लिटर पाणी उडते, म्हणजे वर्षाला जवळजवळ ११०० लिटर. ६२ टीडीएसचे पाणी भरत राहिलो तर वर्षभरात ६८ ग्रॅम अनोळखी क्षार टाकीत जमतील. त्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर एकटे नायट्रेटच ११ ग्रॅम होईल, आणि दीडशे लिटरात ते लिटरला ७० मिलिग्रॅमच्या वर जाईल. पाणी बदलल्याने यातले काही कमी होते हे खरे, पण बदलीचे पाणीही त्याच विहिरीचे असेल तर तो उपाय अर्धाच ठरतो.

लागणारे सामान आणि कागद

पाच मायक्रॉनचा स्पन फिल्टर, कार्बन ब्लॉक, ७५ किंवा ८० जीपीडीचे (दिवसाला तितके गॅलन पाणी देणारे) मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, त्याला जुळणारा एफआर, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याचा ओघ आवरणारा तुकडा, २४ व्होल्टचा बूस्टर पंप आणि त्याचा अडॅप्टर, दाब दाखवणारे घड्याळ, मेम्ब्रेनमधून सुटलेले क्षार धरणाऱ्या, रंग बदलणाऱ्या रेझिनची डीआय नळकांडी (शक्यतो दोन), साधा टीडीएस मीटर, पीएचचे टेस्ट किट, क्लोरीन तपासायचे ओटी द्रावण, खाद्यपदार्थांसाठी बनवलेले पन्नास लिटरचे दोन पिंप, मत्स्यालयाचा हवेचा पंप, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि तो जुळवायचे ३५ पीपीटीचे (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावण. मेम्ब्रेनपर्यंतचे सगळे सामान पिण्याच्या पाण्याच्या आरओचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. त्याला मत्स्यालयाच्या दुकानातली किंमत देण्याचे कारण नाही. डीआय रेझिन मात्र मागवावे लागते.

कागदांचा विषय पाण्याचा नसला तरी येथेच सांगून टाकतो. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, मग तो लाटेने बाहेर टाकलेला का असेना. विकत घेतलेल्या प्रत्येक जिवाची पक्की पावती आणि आयातीचे कागद जपून ठेवावेत, आणि परदेशातून आलेली जात सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद करावी.

१. आपल्या पाण्याची वर्षभराची ओळख करून घ्या

मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, असे किमान दोन वेळा पाणी तपासावे, कारण आपल्याकडची विहीर वर्षभर एकच पाणी देत नाही. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एक विहीर आहे, जिचा टीडीएस जानेवारीत ११० असतो आणि मेच्या अखेरीस ९०० च्या पुढे जातो. पावसाळ्यात आकडा खाली येतो, पण पाणी गढूळ होते आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची भुकटी, टाकतो. नळाच्या पाण्यातही या दिवसांत तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढवलेले असते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत अर्ज आणि एक-दोन लिटरचा नमुना देऊन रासायनिक तपासणी करून घेता येते. पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, लोह आणि नायट्रेट एवढे आकडे अहवालात असावेत. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी.

२. समुद्र दाराशी असला तरी त्याचे पाणी थेट आणू नका

हा प्रश्न मला प्रत्येक पाहुणा विचारतो: समुद्र हाकेच्या अंतरावर असताना मीठ विकत आणून पाणी खारे कशाला करायचे? उत्तर असे, की प्रवाळांना उघड्या समुद्राचे पाणी लागते आणि आपल्या हाताशी येते ते किनाऱ्याचे. पावसाळ्यात नद्या-खाड्यांतून इतके गोडे पाणी आणि गाळ उतरतो की किनाऱ्यालगतचा खारेपणा ३५ पीपीटीच्या बराच खाली जातो. बंदराजवळच्या पाण्यात डिझेलचा तवंग असतो. बोटीवाल्याला सांगून आतले पाणी मागवावे म्हटले, तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ज्यांना हा मार्ग धरायचाच आहे, त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत, खाडीच्या मुखापासून दूर, खडकाळ किनाऱ्यावरून, भरतीच्या वेळी पाणी घ्यावे, गाळावे आणि पंपाने फिरते ठेवून दोन-तीन आठवडे अंधारात साठवावे. नवख्याने पहिल्या वर्षी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. पिण्याच्या आरओचे पाणी जसेच्या तसे वापरू नका

घरातल्या आरओच्या तोटीतून येणारे पाणी शुद्ध केलेले असले तरी त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. बहुतेक यंत्रांत टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो, जो यूएफमधून आलेले, म्हणजे क्षार न काढलेले पाणी मेम्ब्रेनच्या पाण्यात सोडतो. काहींत शेवटी मिनरलचे नळकांडे असते. माझ्या स्वयंपाकघरातल्या यंत्राच्या तोटीला ४० टीडीएस येत होता आणि त्याच यंत्राच्या मेम्ब्रेनमधून थेट निघणाऱ्या नळीला ३. यंत्र घरी असेल तर मेम्ब्रेनमधून पाणी बाहेर पडते तेथेच टी (तीन तोंडांचा जोड) लावून टाकीचे पाणी तेथूनच काढावे. स्वतंत्र जोडणी केली तर उत्तमच, कारण स्वयंपाकघरातले यंत्र दर रविवारी दोन तास अडवून ठेवले की घरात काय होते ते मी सोसले आहे.

क्रम असा असावा: स्पन, कार्बन, बूस्टर पंप, मेम्ब्रेन. क्लोरीन मेम्ब्रेनला कायमचे खराब करतो, म्हणून कार्बनची परीक्षा महत्त्वाची. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कार्बननंतरचे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकावेत आणि नळी पांढऱ्या भिंतीसमोर धरावी. किंचितशी पिवळी झाक दिसली तरी कार्बन बदलावा. विहिरीत टीसीएल पडल्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी यंत्र चालवूच नये. जलसुरक्षक कोणत्या वारी येतो हे विचारून ठेवले की झाले. जांभ्यातून येणाऱ्या पाण्यात लोह असेल तर पांढरा स्पन पंधरा दिवसांत विटकरी होतो. तो धुऊन पुन्हा लावू नये.

४. दाब मोजा

गच्चीवरच्या टाकीचे पाणी खाली जोराने पडते, म्हणून दाब पुरेसा असेल असे वाटते. हिशेब सोपा आहे: दर मीटर उंचीला साधारण १.४ पीएसआय (दाबाचे एकक). टाकी सहा मीटर उंच असेल तर दाब साडेआठ पीएसआयच्या आसपास मिळतो, आणि मेम्ब्रेनला ५० ते ६० लागतो. कमी दाबावर पाणी कमी येते, शिवाय क्षारही अधिक प्रमाणात पार होतात. बूस्टर पंपाला पर्याय नाही. ७५ जीपीडी म्हणजे योग्य दाबावर तासाला बारा लिटरच्या आत पाणी धरावे. एफआर ४५० चा असेल तर मिनिटाला साधारण ४५० मिलिलिटर पाणी वाया जाते, म्हणजे एका लिटरमागे दोन ते अडीच लिटर. वाया जाणारी नळी चिमटून पाणी वाचवण्याचा उद्योग करू नये. मेम्ब्रेन लवकर चोंदते. आमच्याकडे ते पाणी भांड्यांना आणि माडांच्या आळ्यांत जाते. मे महिन्यात विहीर मचूळ असेल तर मात्र पोफळींना ते घालू नये.

यंत्र सुरू केल्यावर पहिल्या पाचेक मिनिटांच्या पाण्याचा टीडीएस नेहमीच चढा असतो, कारण बंद काळात मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार समान होऊ पाहतात. ते पाणी फेकावे. रोज दोन-दोन लिटर काढण्याऐवजी आठवड्यातून एकदाच पन्नास लिटर काढणे याच कारणासाठी बरे.

५. डीआयच्या आधी पाण्यातला वायू घालवा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती, आणि कोकणातल्या विहिरीसाठी माझ्या मते हीच सर्वांत मोलाची आहे.

विक्रेत्याने माझ्या ६२ टीडीएसच्या पाण्याचा आकडा ऐकून सांगितले होते की डीआयचे एक नळकांडे हजार लिटर सहज जाईल. अडीचशे लिटरांतच त्याचा रंग तळापासून वरपर्यंत उतरला. मी मेम्ब्रेनवर संशय घेतला आणि ते बदलले. दुसऱ्या नळकांड्याचीही तीच गत झाली. दोष यंत्रात नव्हता, पाण्यात होता. पावसाचे पाणी मुळांच्या आणि कुजत्या पाल्याच्या थरांतून झिरपताना भरपूर कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरते. आपल्या जमिनीत चुना फारसा नसल्यामुळे तो वायू पाण्यात तसाच मोकळा राहतो, म्हणून अशा विहिरीच्या पाण्याचा पीएच कमी असतो. मेम्ब्रेन क्षार अडवते, पण वायू अडवत नाही. तो सरळ पार होतो आणि रेझिनची क्षमता खाऊन टाकतो. टीडीएस मीटरवर त्याची दखल नावापुरतीच दिसते.

आपल्या विहिरीला हा विकार आहे का, हे एका रात्रीत कळते. पोहऱ्याने नुकत्याच काढलेल्या पाण्याचा पीएच लगेच मोजावा, मग तेच पाणी उघड्या भांड्यात ठेवून त्यात मत्स्यालयाच्या हवेच्या पंपाचा दगड रात्रभर सोडावा आणि सकाळी पुन्हा मोजावे. माझ्याकडे संध्याकाळी ५.९ होता आणि सकाळी ७.६. आकडा असा एक-दीडने चढला तर समजावे की वायू भरपूर आहे. फरक नगण्य असेल तर ही पायरी सोडून द्यावी.

उपाय स्वस्त आहे. मेम्ब्रेनचे पाणी थेट डीआयमध्ये न नेता पहिल्या पिंपात साठवावे, त्यात हवेचा दगड सोडून बारा तास बुडबुडे चालू ठेवावेत, तोंडाला विरळ मलमल बांधावी, आणि पिंप शक्यतो पडवीत किंवा खिडकीशी ठेवावे, कारण माणसांनी भरलेल्या बंद खोलीतल्या हवेतही हा वायू जास्तच असतो. मग छोट्या पंपाने ते पाणी सावकाश डीआयमधून दुसऱ्या पिंपात न्यावे. असे करू लागल्यापासून तितक्याच रेझिनमध्ये माझे नऊशे लिटरांहून अधिक पाणी निघाले आहे. डास होऊ नयेत म्हणून मलमलीला भोक पडलेले नाही ना, हे पाहत जावे.

६. डीआय: मीटरवर शून्य दिसले तरी थोडा अविश्वास ठेवा

डीआयनंतर टीडीएस ० यायला हवा. १ दिसू लागला की रेझिन बदलावे, २-३ पर्यंत चालवत बसू नये. यामागे आपल्या मातीशी जोडलेले कारण आहे. जांभा तयार होतो तोच मुळी खडकातली सिलिका पावसाने धुऊन नेल्यामुळे. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहते आणि दगडाला तो तांबडा रंग येतो. ही धूप आजही चालू असल्यामुळे आपल्या विहिरींच्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते. दमत आलेले रेझिन सर्वांत आधी सिलिकाच सोडू लागते, आणि साधा मीटर ती दाखवत नाही. टाकीत मात्र ती दिसते: काचेवर आणि वाळूवर बोटाने पुसला जाणारा तपकिरी थर येतो, जो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. नव्या टाकीत असा थर पहिले काही आठवडे येतोच, त्याने घाबरू नये. सहा महिन्यांनीही तो हटत नसेल तर रेझिनकडे पाहावे.

म्हणून दोन नळकांडी एकामागे एक लावावीत. पहिल्याचा रंग पूर्ण उतरला की ते काढून दुसरे त्याच्या जागी आणावे आणि नवे मागे लावावे. नळकांडे उभे ठेवून पाणी खालून वर जाऊ द्यावे, नाहीतर पाणी रेझिनच्या कडेकडेने वाट काढते.

७. साठवणीत धातू नको

माझ्या दोन कोळंब्या येथेच गेल्या. दुसऱ्या पिंपाला मी हौसेने पितळी बॉलकॉक बसवला होता. शुद्ध पाणी धातूला फार लवकर लागते, आणि पितळेत तांबे असते. माशांच्या औषधात तांबे वापरतात ते लिटरला साधारण ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्यात मासे तगतात, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना ते मारक ठरते. शुक्रवारी टॉप-अप केला, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर घातली, आणि रविवारी सकाळी दोन्ही कोळंब्या खडकाखाली आडव्या पडलेल्या आढळल्या. बॉलकॉक काढून पाहिला तर त्याच्या मानेभोवती हिरवट कड धरली होती.

तेव्हापासून तोटी, बॉलकॉक, कोपरे सगळे प्लास्टिकचे आहेत. तांब्याची कळशी, पितळी घागर, जस्ताची बादली यांतून हे पाणी एकदाही न्यायचे नाही, अशी घरात ताकीद आहे. बंबात पाणी कोमट करून घ्यायची सूचना आईने प्रेमाने केली होती, तीही मोडावी लागली. भंगारवाल्याकडचे निळे पिंप स्वस्त मिळते, पण त्यात आधी काय होते हे तोही सांगू शकत नाही. ते घेऊ नये.

८. मीठ कालवणे आणि टॉप-अप

पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागते; नेमका आकडा पाकिटावर असतो. छोट्या पंपाने फिरवत ठेवून पाणी स्वच्छ झाल्यावर, २५ अंशांच्या आसपास, ३५ पीपीटी किंवा विशिष्ट घनता १.०२६ पाहावी. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणानेच जुळवावा, कारण शून्यावर जुळवलेले स्वस्त यंत्र ३५ पाशी दोन-तीन अंकांनी चुकू शकते. आपल्या हवेत मिठाचे उघडे पाकीट आठवड्यात दगड होते. ते हवाबंद डब्यात ओतून ठेवावे. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त शुद्ध गोडे पाणी घालावे, खारे नव्हे. टॉप-अप पावसाळ्यात कमी आणि एप्रिल-मेमध्ये जास्त लागतो, म्हणून आदल्या महिन्याच्या सवयीने मोजून ओतू नये. काचेवर रेघ मारून तिच्यापर्यंत भरावे.

९. वीज नसताना, विहीर आटताना: इतर पाणी

पागोळीचे पाणी आपल्याकडे मुबलक आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि शंभर चौरस फूट छपरावर वीस मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे १८५ लिटर पाणी मिळते. पहिले दोन-तीन पाऊस कौले आणि पन्हळ धुण्यासाठी सोडून द्यावेत. हे पाणीसुद्धा थेट टाकीत घालू नये, कारण त्यात शेवाळ, पाखरांची विष्ठा आणि समुद्राकडून वाऱ्याने आलेले मीठ असते. मी ते विहिरीच्या जागी आरओला देतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये रेझिन जवळजवळ खर्चच होत नाही. छप्पर जस्ती पत्र्याचे असेल तर हा विचार सोडावा.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी अडचणीला चालते, पण प्रत्येक कॅनचा टीडीएस मोजून. माझ्या हाती एकाच दुकानातून ० आणि १८ असे दोन्ही कॅन आले आहेत. वीस लिटरच्या जारचे पाणी पिण्यासाठी ठीक असते, टाकीसाठी नाही.

एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी सर्वांत फसवे. आपल्या दमट हवेत एका रात्रीत बादली भरते, टीडीएस दहाच्या आत येतो, आणि फुकटचे शुद्ध पाणी मिळाल्याचा आनंद होतो. ते पाणी तांब्याच्या नळ्यांवरून आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून, वर्षभराच्या धुळीसकट ओघळून आलेले असते. मी ती बादली पिंपापर्यंत नेली होती, आणि हिरवी कड धरलेला बॉलकॉक तेथेच खिडकीत पडलेला दिसला म्हणून परत फिरलो. ते पाणी मी तेव्हापासून पडवी पुसायला वापरतो.